अडीच किलो

दोन वर्षं झाली, मला वास येत नाही.
तापात गेला. चव हळूहळू परतली,
वास वाटेतच कुठे उतरला.
दूध उतू गेलेलं मला दिसतं तेव्हाच कळतं.
घरात हे दोघांना माहीत आहे,
वेलजीभाईंना नाही.

जांभळी नाक्यावर दहाच्या आत पोचायचं.
गोणी नुकत्या उसवलेल्या असतात,
हमाल चहा पीत असतात,
आणि चांगली मिरची अजून वाईट मिरचीत मिसळलेली नसते.
वेलजीभाई मूठभर बेडगी नाकाशी धरतात,
"घ्या वहिनी, वास घ्या. भावाचं मग बोलू."
मी डोळे मिटते,
वीस एप्रिलांच्या सवयीने श्वास ओढते,
मान हलवते.
आत एक रिकामी खोली. पंखा चालू.

म्हणून मी कान शिकले, नखं शिकले.
बेडगी मोडायची. कडकन तुटली तर ऊन खाल्लेली,
वाकली तर वजनासाठी पाणी पाजलेली.
कानापाशी हलवायची, बी खुळखुळलं पाहिजे.
लवंगेत नख रुतवायचं;
तेल आधीच कुणी काढून घेतलेलं असेल
तर बोट कोरडं राहतं, अगदी सरकारी.
दगडफुलाला साल किती चिकटलीय ते बघायचं,
झाडाचे पैसे आपण का भरायचे?
हळकुंडाचा तुकडा पाडून आतला रंग.
खसखस जिभेवर. खवट लागली तर थुंकायची,
लाजायचं नाही.

"जायपत्री मागल्या सालची आहे," मी म्हणाले.
बोटांत तिचा भुगा झाला होता, एवढंच.
वेलजीभाईंनी कपाळाला हात लावला.
"नाक म्हणजे नाक आहे वहिनींचं!
अख्ख्या ठाण्यात असं नाक नाही!"
आणि शेजारी गोंधळून उभ्या मुलीला सांगितलं,
"यांना विचारा. या सांगतील ते डोळे मिटून घ्या."

ती नवी नवरी. हातात सासूची यादी,
चुडा अजून खणखणणारा.
"काकू, हे तिरफळ. नागपूरला आम्ही कधी घातलं नाही.
चांगलं आहे का बघता?"
तळहात माझ्या नाकाखाली.
सगळं दुकान माझ्या श्वासाकडे बघत होतं.

मी तिचा हात तिच्याच नाकाशी नेला.
"तू सांग. कसला येतो?"
"तिखट… नाही. थांबा."
तिने पुन्हा हुंगलं, भुवया आक्रसून.
"संत्र्याची साल असते ना काकू,
लहानपणी आम्ही ती दिव्यापाशी पिळायचो,
चट्कन ठिणग्या उडायच्या.
त्या ठिणग्यांचा."

मी उभीच राहिले.
मला वास आला नाही. खोटं कशाला सांगू.
पण ती काळी गोळी, तिचं उकललेलं तोंड,
आणि कुठल्याशा अंधाऱ्या ओसरीवर
उडालेली केशरी ठिणगी,
हे सगळं त्या रिकाम्या खोलीत येऊन बसलं.
"घे," मी म्हणाले. "पावशेर घे. मलाही द्या."

कळव्याला डंखावर नंबर अकरावा.
गुलाबताईंचे केस मिरचीने तांबूस झालेले,
तोंडाला ओढणी, भुवयांवर मसाला.
लोखंडी मुसळ वर जातं, खाली येतं,
जमीन पायांतून बोलते.
आम्ही सगळ्या बायका ओळीने शिंकतो.
मीही. चार वेळा.
शिंकेला वास लागत नाही,
तेवढ्यापुरती मी इतरांसारखीच.

रात्री अडीच किलो बरणीत दाबून भरला.
तळाशी हिंगाचा खडा, वरही एक.
नणंदेचा फोन, तिचा वाटा शनिवारी नेईल.
झाकणावर चिकटपट्टी लावून तारीख लिहिली.
पेन हातातच होतं,
म्हणून खाली अजून लिहिलं:
संत्र्याची साल. दिव्यापाशी.

नवऱ्याने वाचलं. "हे काय?
मसाल्यात संत्रं घातलंस?"
"थोडंसं," मी म्हणाले.